आंटी नेमकं काय काम करते

रात्री दोनच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरून धुराचा वास आला आणि पाठोपाठ अलार्म वाजला. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या डाउनटाउन ईस्टसाइड भागात, बेघर राहिलेल्या माणसांना कायमची खोली देणाऱ्या एका इमारतीत मी रात्रपाळीला डेस्कवर असते. तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. नियमाप्रमाणे वर धावले, दार वाजवलं. आत साठीचा एक माणूस खुर्चीत बसला होता. समोर मोठ्या शिंपल्यात पाल्याची चिमूटभर जुडी धुमसत होती आणि हातातल्या पिसानं तो धूर स्वतःकडे ओढून घेत होता. आधी डोक्यावरून, मग डोळ्यांवरून, मग छातीवरून. आपण आरतीच्या ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावतो ना, अगदी तसं. मला ते दिसलं, ओळखीचं वाटलं, आणि तरीही खाली येऊन मी लॉगबुकात 'घटना' या रकान्यात लिहिलं: खोलीत जाळपोळ, अलार्म वाजला, भाडेकरूला समज दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आंटी आली. आंटी म्हणजे आमच्या इमारतीची सांस्कृतिक आधार कार्यकर्ती. नोकरीच्या कागदावर 'इंडिजिनस कल्चरल सपोर्ट वर्कर'. क्री या इथल्या मूळ समाजाची, पन्नाशी उलटलेली, लहानपणीच गावातून उचलून शहरातल्या परक्या घरात वाढवली गेलेली. तिला सगळे आंटीच म्हणतात. चाळीतली एखादी मावशी कशी सगळ्यांचीच मावशी असते, तसं. तिनं लॉगबुक वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "तो काय करत होता, ते तुला कळलं होतं का?"

मी म्हटलं, हो.

"मग जाळपोळ का लिहिलंस?"

लिहायला रकाना तेवढाच होता, हे खरं. पण ते काही उत्तर नव्हे, हे मलाही कळत होतं.

घरी फोनवर हे सांगितलं तेव्हा भावानं विचारलं, "सांस्कृतिक म्हणजे काय गं? गणपतीत असतात तसले कार्यक्रम बसवते का ती?" प्रश्न वेडगळ नाही. इथल्या पुष्कळ अधिकाऱ्यांनाही असंच वाटतं: भिंतीवर चित्र, वर्षातून एकदा ढोल, २१ जूनला मूलनिवासी दिनाचा केक. आंटीचं काम त्यातलं नाही. ते समजायला मला दोन वर्षं लागली, आणि जे समजलं ते इथे लिहिते आहे.

आधी शब्दाचं बघू. कॅनडातल्या मूळ समाजांचे कायद्यानं तीन गट आहेत: फर्स्ट नेशन्स, मेटी (मूळ समाज आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशाचे) आणि इनुइट (उत्तर ध्रुवाकडचे). २०२१ च्या जनगणनेत ते मिळून सुमारे १८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ५ टक्के होते. आपल्या जुन्या पुस्तकांतला 'रेड इंडियन' हा शब्द इथे शिवीसारखा लागतो. मी 'मूलनिवासी' लिहिते आहे. आपल्याकडे या शब्दाला वेगळं राजकारण चिकटलेलं आहे, ते इथे मनात आणू नये. एकट्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात दोनशेच्या आसपास फर्स्ट नेशन्स आहेत आणि तीसहून जास्त भाषा. तेव्हा 'मूलनिवासींची संस्कृती' असं एकवचनी काही नसतंच. पुढे एका चुकीची गोष्ट सांगणार आहे, ती याच अज्ञानातून झाली.

व्हँकुव्हर परिसरात बेघरांची गणती होते तेव्हा साधारण तिघांतला एक जण मूलनिवासी निघतो. लोकसंख्येत त्यांचं प्रमाण शंभरात तीनसुद्धा नाही. हा फरक दारू, आळस वगैरे शब्दांनी समजावणारे लोक इथेही भेटतात, आपलेही भेटतात. (शेजारच्या सरी शहरातल्या एका मराठी मंडळाच्या जेवणात मी हे दोन्ही शब्द एकाच ताटावर ऐकलेत.) खरं कारण कायद्याच्या पुस्तकात तारखांसकट छापलेलं आहे.

१८७६ चा इंडियन अ‍ॅक्ट. कोण मूलनिवासी, कोण नाही, कुणी कुठे राहायचं, हे सरकार ठरवणार. १८८४ साली त्याच कायद्यात दुरुस्ती करून किनारपट्टीच्या समाजांच्या पॉटलॅचवर बंदी आली. पॉटलॅच म्हणजे यजमानानं साठवलेलं धन वाटून टाकण्याचा सोहळा. बारसं, लग्न, वारसा, मृत्यूचं सुतक फिटणं, हे सगळं त्यात साक्षीदारांसमोर व्हायचं. म्हणजे एका फटक्यात बारशापासून तेराव्यापर्यंतचे सगळे विधी गुन्हा ठरले. ही बंदी १९५१ पर्यंत कायद्यात होती. त्याच काळात निवासी शाळा आल्या. चर्चनं चालवलेल्या, सरकारनं पैसा पुरवलेल्या. मुलांना आईबापांकडून न्यायचं, केस कापायचे, नंबर द्यायचा, स्वतःची भाषा बोललं की मार. सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली आणि शेवटची शाळा बंद व्हायला १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. १९६० च्या पुढे आणखी एक प्रकार: समाजकल्याण खात्यानं हजारो मुलं उचलून गोऱ्या कुटुंबांत दत्तक दिली. आंटी त्यांतलीच. तिला तिची स्वतःची भाषा चाळिशीत, शुक्रवारच्या वर्गात, वही घेऊन शिकावी लागली.

न्यायाधीश मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि समेट आयोगानं २०१५ मध्ये या सगळ्याला 'सांस्कृतिक वंशसंहार' म्हटलं आणि ९४ शिफारशी केल्या. त्यांतली २२ वी आंटीच्या नोकरीच्या मुळाशी आहे. मूलनिवासींच्या उपचारपद्धतींचं मोल आरोग्यव्यवस्थेनं ओळखावं आणि रुग्णानं मागितलं तर त्यांचे वैदू आणि एल्डर यांच्यासोबत मिळून उपचार करावेत, असं ती सांगते. 'मागितलं तर' हे शब्द विसरायचे नाहीत.

एल्डर म्हणजे नुसता वयानं मोठा माणूस नव्हे. समाजानं ज्याला ज्ञानासाठी, वागण्यासाठी तो मान दिला आहे, तो किंवा ती. आपल्याकडे गावात चार म्हातारे असतात, पण वाद झाला की एकाच्याच ओट्यावर जातात, तसं.

आता घराचा प्रश्न. मेटी-क्री अभ्यासक जेसी थिसल स्वतः अनेक वर्षं रस्त्यावर राहिलेले. २०१७ मध्ये त्यांनी मूलनिवासींच्या बेघरपणाची वेगळी व्याख्या मांडली आणि त्याच्या १२ बाजू सांगितल्या. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: डोक्यावर छप्पर नसणं हा बेघरपणाचा एक भाग झाला. जमीन, पाणी, आप्त, भाषा, पूर्वज, प्राणी यांच्याशी असलेली नाती तुटणं, हा खरा बेघरपणा. मला पहिल्यांदा हे जरा कवितेसारखं वाटलं होतं. मग मी आमच्याच इमारतीत पाहिलं की दहा वर्षं फूटपाथवर काढलेला माणूस खोलीची किल्ली मिळाल्यावर पंधरा दिवस खोलीत झोपतच नाही. गादी आहे, हीटर आहे, दाराला कुलूप आहे. आणि तो पुन्हा गल्लीत, कारण त्याचे 'लोक' गल्लीत आहेत. गल्लीत रात्री कुणी तरी त्याला नावानं हाक मारतं. खोलीत कुणी मारत नाही.

आणि याला आकड्यांचाही पुरावा आहे. 'आधी घर' नावाची पद्धत आहे: दारू सोडा, औषधं घ्या, मग घर देऊ, अशी अट न घालता आधी किल्ली द्यायची. कॅनडानं २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून जास्त लोकांवर तिचा मोठा प्रयोग केला. विनिपेगमध्ये त्यांत बहुसंख्य मूलनिवासी होते. घर टिकण्याच्या बाबतीत ही पद्धत सरळ जिंकली. पण मानसिक आजाराची लक्षणं? तीही कमी झाली, मात्र तुलनेसाठी ठेवलेल्या, फक्त नेहमीची मदत घेणाऱ्या गटाचीही जवळपास तेवढीच कमी झाली. म्हणजे किल्लीनं घर मिळतं, मन आपोआप बरं होत नाही. उरलेल्या जागेत आंटी काम करते.

ती करते काय, ते आता जवळून सांगते.

सकाळी ती येते तेव्हा तिच्या पिशवीत चार वनस्पती असतात: सेज, स्वीटग्रास, सीडर आणि तंबाखू. तंबाखू ओढायला नाही, द्यायला. एल्डरकडे काही मागायचं तर आधी चिमूटभर तंबाखू कापडात बांधून हातात ठेवायचा. तो घेतला तर तुमची विनंती ऐकली जाणार. आपण नारळ-सुपारी ठेवतो, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी. मी पाहिलेला शिंपल्यातला धूर म्हणजे 'स्मज'. मन साफ करायला, अवघड दिवसाच्या आधी, वाईट स्वप्नानंतर. माझ्या आजीनं संध्याकाळी घरभर ऊद फिरवला नसता तर तिला झोप आली नसती. त्याला कुणी जाळपोळ म्हटलं असतं तर?

पण इमारतीला धूर चालत नाही. धूम्रपानबंदी आहे, विमा आहे, अग्निशमनाची यंत्रणा आहे. हा खराच पेच आहे आणि आंटीनं तो भाषणं देऊन सोडवला नाही. तिनं अलार्मच्या पॅनेलवर त्या मजल्याचा सेन्सर वीस मिनिटं चाचणीवर कसा टाकायचा ते रात्रपाळीतल्या सगळ्यांना शिकवलं, खिडकी आणि पंखा यांचा क्रम ठरवून दिला, वर ओल्या वाळूचं भांडं ठेवलं. ऑन्टॅरिओ प्रांतात तर हे कायद्यातच आहे: मूलनिवासी रुग्णानं मागितलं तर विधीसाठी तंबाखू जाळायला इस्पितळानं आत वेगळी जागा द्यायची. टोरोंटोतलं कॅमएच हे देशातलं सर्वांत मोठं मानसोपचार इस्पितळ. त्यांनी २०१६ मध्ये आवारात स्वेदकुटी उभी केली. वाकवलेल्या फांद्यांचा ठेंगणा घुमट, वरून आच्छादन, मध्ये खड्ड्यात तापून लाल झालेले दगड. त्या दगडांना 'आजोबा' म्हणतात. अंधारात, वाफेत, लोक एकेक करून बोलतात. व्हँकुव्हरमध्ये २०१२ साली मूलनिवासी गृहसंस्थेनं कलावंतांसाठी बांधलेल्या स्क्वाचेज लॉजच्या गच्चीवरही अशी कुटी होती. शहराच्या मधोमध.

धुराचं तसं सोपं आहे. दवाखान्याचं अवघड.

आमच्या चौथ्या मजल्यावरची एक बाई पायाला पू झालेला असताना इस्पितळात जायला तयार नव्हती. डॉक्टर म्हणाले, असहकार. आंटी तिच्या खोलीत तासभर बसली आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "ती मागच्या वेळी गेली तेव्हा तिची वेणी कापली." गुंता झाला होता, उवांची शंका होती, नर्सनं सोयीसाठी कापली. विचारलं नाही. अनेक मूलनिवासी समाजांत केस शोकातच कापतात, आणि निवासी शाळेत पहिल्या दिवशी सगळ्यांचे कापायचे. ज्या भाषेत केशवपन हा शब्द आहे, त्या भाषेत हे जास्त समजवावं लागू नये. बंद वॉर्ड, रांगेत खाटा, मनगटावर नंबराची पट्टी, गणवेशातला माणूस सांगेल तेव्हाच बाहेर: ज्याचं बालपण तशाच इमारतीत गेलं, किंवा ज्याच्या आईचं गेलं, त्याला ते उपचारासारखं दिसत नाही.

यात भीतीला ताजी कारणंही आहेत. २००८ साली विनिपेगच्या इस्पितळात ब्रायन सिंक्लेअर नावाचे एक गृहस्थ व्हीलचेअरवर बसून आपत्कालीन विभागात ३४ तास वाट पाहत राहिले आणि तिथेच गेले. मूत्राशयाचा संसर्ग होता, बरा होण्यासारखा. काही कर्मचाऱ्यांना वाटलं दारू पिऊन बसलाय, काहींना वाटलं बेघर आहे, ऊब घ्यायला आलाय. हे नाव इथल्या प्रत्येक मूलनिवासी घरात माहीत आहे. म्हणून आंटी सोबत जाते. प्रतीक्षागृहात शेजारी बसते, दर तासाला खिडकीशी जाऊन विचारते, नावाचा उच्चार दुरुस्त करते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, हिला दुसरं काम नाही. पण ती बाई पायासकट घरी आली.

मग आवाजांचा प्रश्न. एक तरुण डॉक्टरला सांगतो, मला आजी बोलताना ऐकू येते. आजी तर गेली. मानसोपचाराच्या फॉर्मवर याला ठरलेला रकाना आहे. आंटी निदान करत नाही. तो तिचा अधिकार नाही आणि ती तसं स्पष्ट सांगते. ती त्या तरुणाला साधे प्रश्न विचारते. आजी काय म्हणते? तिच्या येण्यानं बरं वाटतं की भीती? घरात आणखी कुणाला अशी माणसं भेटतात का? ती कधीपासून येते? आजी म्हणत असेल की जेवून घे रे, तर ते दुःख आहे आणि काही घरांत तो आशीर्वादही आहे. आजी म्हणत असेल की पुलावरून उडी मार, तर ती आजी नव्हे आणि औषध आजच हवं. हेही आंटीच सांगते, डॉक्टरच्या आधी. 'गोळ्या सोड, आपल्या विधीनं बरा होशील' असं तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. असं सांगणारे भोंदू इथेही फिरतात आणि ती त्यांना जिन्यावरूनच परतवते.

गंमत म्हणजे मानसोपचाराच्या अमेरिकन नियमग्रंथाच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतही आता सोळा प्रश्नांची एक मुलाखत दिलेली आहे: तुमच्या त्रासाला तुमचे लोक काय म्हणतात, तुमच्या मते तो कशामुळे झाला, अशा वळणाची. आंटीला मी ते दाखवलं. ती म्हणाली, "सोळा? चहा संपायच्या आत कसे होणार?" मि'कमॉ या मूलनिवासी समाजाचे एल्डर अल्बर्ट मार्शल यांनी याला 'दोन डोळ्यांनी पाहणं' म्हटलं आहे: एका डोळ्यानं आपल्या लोकांचं ज्ञान, दुसऱ्यानं पाश्चात्त्य विज्ञान, आणि दोन्ही उघडे.

मुलांचा विषय निघाला की आमच्या इमारतीत आवाज खाली येतात. २०२१ च्या जनगणनेत कॅनडातल्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांत मूलनिवासी मुलं ७.७ टक्के होती. पालनगृहांत वाढणाऱ्या मुलांत ती ५३.८ टक्के. बाळंतपणानंतर उदास वाटतंय, हे कोणती आई सरकारी माणसाला सांगेल? या प्रांतात २०१९ पर्यंत 'जन्म-सूचना' नावाची पद्धत होती. बाई बाळंत व्हायच्या आधीच खात्याकडून इस्पितळाला इशारा जायचा. ती बंद झाली, भीती बंद झाली नाही. इथे आंटी काय करते? ती आईला आधी सांगते की कुठली गोष्ट मला वर कळवावीच लागेल आणि कुठली माझ्याजवळच राहील. यादीच देते. एवढ्या साध्या प्रामाणिकपणाची त्या बाईला सवय नसते.

आता ती चूक. एका हिवाळ्यात इमारतीत अगदी उत्तरेकडच्या नुनावुतचा एक इनुइट माणूस राहायला आला. आम्ही उत्साहानं त्याच्या खोलीत सेजची जुडी, शिंपला, पीस ठेवून स्वागत केलं. तो बघत राहिला आणि म्हणाला, "हे कुणाचं आहे?" इनुइटांच्या परंपरेत स्मज नाही. त्यांच्या प्रदेशात मुळात झाडंच नाहीत फारशी. त्यांच्याकडे असते 'कुलिक', मऊ दगडाची चंद्रकोरीसारखी दिवटी, त्यात सीलची चरबी, आणि तिची ज्योत लांबट ओळीत सांभाळत बसणारी घरातली बाई. हे म्हणजे पुण्यात आलेल्या नागा माणसाच्या खोलीत हळदीकुंकू ठेवून 'तुमची भारतीय संस्कृती' म्हणण्यासारखं झालं. आंटी त्या दिवशी सुट्टीवर होती. आल्यावर हसली नाही. तिनं त्याला फक्त विचारलं, तुला काय हवंय? त्याला हवा होता रविवारी चर्चला जाणारा सोबती आणि कच्चं, गोठलेलं मांस. दुसरी गोष्ट मिळवायला तिला तीन आठवडे आणि अकरा फोन लागले.

न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्स्डेन यांनी 'सांस्कृतिक सुरक्षितता' ही कल्पना मांडली तेव्हा तिचा मुख्य मुद्दा हाच होता की सेवा सुरक्षित होती की नाही, हे देणाऱ्यानं ठरवायचं नाही, घेणाऱ्यानं ठरवायचं.

आणि मृत्यू. हा प्रांत २०१६ पासून विषारी अमली पदार्थांच्या आणीबाणीत आहे. २०२३ मध्ये त्यात फर्स्ट नेशन्सच्या माणसांचा मृत्युदर इतरांच्या सुमारे सहा पट होता. आमच्याकडेही खोल्या रिकाम्या होतात. पूर्वी पोलीस येऊन जायचे, सफाईवाले यायचे, चार दिवसांत नवा भाडेकरू. आंटीनं मधे एक दिवस मागून घेतला. किनाऱ्यावरच्या समाजातला एक एल्डर येतो, सीडरच्या हिरव्या फांदीनं खोलीच्या भिंती, दार, उंबरठा झाडतो, मग आमच्या अंगावरूनही फांदी फिरवतो. डोक्यापासून खाली, शेवटी तळव्यांवरून. ज्यानं शव पाहिलं त्याच्यावरून आधी. ती पहिल्यांदा माझ्यावरून फिरवली तेव्हा सुतक पाळलेल्या घरातली मी, काही तरी सुटल्यासारखं होऊन रडले. त्या रात्री मला नीट झोप लागली. माझ्या मराठी मैत्रिणी वृद्धाश्रमांत, इस्पितळांत काम करतात. त्यांच्याकडे कुणी गेलं की खाट पुसतात आणि पुढचं नाव लिहितात.

या सगळ्यानं खरंच फरक पडतो का? चांडलर आणि लालोंद या दोन संशोधकांनी १९९८ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या दोनशेच्या आसपास फर्स्ट नेशन्समधल्या तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे म्हणत होते, मूलनिवासींत आत्महत्या फार. त्यांना दिसलं की निम्म्याहून जास्त समाजांत त्या वर्षांत एकही नाही आणि थोड्या समाजांत भयंकर. फरक कशाचा? त्यांनी सहा खुणा मोजल्या: स्वशासन, जमिनीच्या हक्काची लढाई, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन आणि सांस्कृतिक केंद्र हे स्वतःच्या हातात आहेत का. जितक्या खुणा जास्त, तितक्या आत्महत्या कमी. सहाही असलेल्या समाजांत शून्य. यावरून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण यादी पुन्हा वाचा. सहापैकी पाच गोष्टींत ढोल नाही, पीस नाही. अधिकार आहे.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी आदिवासींना विचारून दवाखाना बांधला तेव्हा त्यांनाही असंच कळलं होतं. मोठी इमारत नको, गावासारख्या कुटी हव्यात, नातलगांना सोबत राहता आलं पाहिजे. दवाखान्याला नाव दंतेश्वरी मातेचं मिळालं. तिथे देवीचं नाव दिलं म्हणून लोक आले, असं सांगितलं की गोष्ट गोड होते. मला त्यातलं नातलगांना राहू देणं जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे नियम वाकला.

आमच्याकडे नेमकं तेच अडलेलं आहे. आंटी एकटी तीन इमारती सांभाळते. तिचा करार वर्षा-वर्षाचा. मार्चमध्ये ती नेहमी थोडी गप्प असते. एल्डरला मानधन द्यायचं तर तीन पानी फॉर्म, बँकेचा तपशील, आणि चेक सहा आठवड्यांनी. ज्याला हातात तंबाखू देऊन बोलावलं, त्याला सहा आठवडे थांबवायचं; आंटी पुष्कळदा स्वतःच्या पाकिटातून देते आणि मग स्वतः थांबते. पण हे पैशाचं झालं, यातून वाट निघते. पाहुण्यांचा नियम मात्र हलत नाही.

नियम असा: पाहुण्यानं ओळखपत्र दाखवायचं, सही करायची, रात्री दहाला बाहेर. तो मूर्खपणाचा नाही. एकट्या, आजारी भाडेकरूच्या खोलीत ड्रग विकणारे घुसून तीच खोली बळकावतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तोच नियम तिसऱ्या मजल्यावरच्या त्या साठीच्या माणसाच्या मावशीलाही लागतो. ती उत्तरेकडून चौदा तास बसनं येते. तिच्याशिवाय त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारं आता कुणी नाही. आंटीनं 'नातलग' असा वेगळा रकाना मागितला. रात्रीचा मुक्काम, एल्डरची हमी, ओळखपत्राच्या जागी समाजाच्या कार्यालयाचा फोन. तीन बैठका झाल्या. सगळ्यांनी सुरुवातीला ही जमीन मस्क्वीम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वाउटुथ लोकांची आहे आणि त्यांनी ती कधीच सोडून दिलेली नाही, असं उभं राहून म्हटलं, आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

लॉगबुकात स्मजसाठी आता वेगळा रकाना आहे. खोली, वेळ, वीस मिनिटं, बस. माझी ती जुनी नोंद आंटीनं खोडायला लावली, कारण 'घटना' तीन झाल्या की खोलीचा प्रश्न निघतो; मला ते तेव्हा माहीत नव्हतं.

मावशी गेल्या महिन्यात पुन्हा आली होती. बॅनक नावाची इथली रोटी आणि डबाबंद सामन मासा घेऊन. संध्याकाळभर वरून दोघांचं हसणं ऐकू येत होतं. दहाला पाच कमी असताना ती खाली आली, माझ्यासमोर वाकून सही केली, वेळ लिहिली आणि बस स्टॉपकडे निघून गेली.